उमेदवार म्हणजे उमेद असलेला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४च्या पावसाळ्यात शेजारची मुलगी संध्याकाळी मोबाइल घेऊन आमच्याकडे आली. बारावी झालेली, बोलायला चुणचुणीत. सरकारी प्रशिक्षणाच्या योजनेसाठी तिला नाव नोंदवायचं होतं. "काका, तुमचं मराठी चांगलं आहे, एवढं भरून द्या," म्हणाली. उमेदवाराचं नाव, उमेदवाराचा पत्ता, उमेदवाराचं शिक्षण असे रकाने भरत आम्ही खाली आलो आणि 'अनुभव' या रकान्यापाशी थांबलो. "इथं काय लिहू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "निरंक लिही." ती हसली आणि म्हणाली, "काका, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग सुरुवात करायची कुठून?"

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बीएपर्यंत. नोकऱ्या देणं माझ्या हातात नाही. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न आपल्याकडे आधीच्या पिढ्यांनाही पडला असेलच. त्यांनी काय केलं? कोण कोण त्या दारातून आत गेले आणि कोण बाहेर राहिले? आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

सुरुवात त्या अर्जातल्या शब्दापासूनच करतो. 'उमेदवार' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. नोकरीच्या बाजारातले आपले कितीतरी शब्द असेच दूरचा प्रवास करून आले आहेत. रोजगार, कारकून, शिफारस हे फारसीतले. अर्ज, वशिला, बदली यांचं मूळ अरबीत. 'पगार' मात्र पोर्तुगीजांकडून आला. वेगवेगळ्या राजवटी आल्या आणि प्रत्येकीनं आपल्या कचेरीचा एखादा शब्द मागं ठेवला. पण माझ्या मते या सगळ्यांत देखणा शब्द उमेदवार. ज्याच्या हातात अजून काही नाही, त्याला आपल्या भाषेनं बेकार म्हटलं नाही, आशावंत म्हटलं.

पण शब्द देखणा असला तरी त्यामागचा व्यवहार नेहमीच देखणा होता असं नाही. 'उमेदवारी करणे' असा वाक्प्रचार जुन्या पिढीच्या तोंडी होता. इंग्रजी अमलात मामलेदार कचेरीत कारकुनाची जागा हवी असेल, तर तरुण आधी तिथं बिनपगारी जाऊन बसत. नकला करायच्या, दप्तर लावायचं, मोडी वळणदार करायचं, साहेबांच्या नजरेत राहायचं. महिने जात, कधी वर्षंही जात. एखादी जागा रिकामी झाली की त्यांच्यातल्या कुणाला तरी ती मिळे. काम शिकण्याची ही पद्धत वाईट नव्हती. काम कामाच्या जागीच शिकायचं, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. अडचण वेगळीच होती. वर्षभर बिनपगारी बसायला घरी धान्याची कणगी भरलेली लागते. ज्याचा बाप रोज मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तो मुलगा कचेरीत फुकट नकला करायला कसा बसणार? शाळा, भाषा आणि जात यांनी आधीच अरुंद केलेलं ते दार या बिनपगारी उमेदवारीनं आणखी अरुंद झालं. दारावर कुणी पाटी लावली नव्हती, पण आत कोण जाणार हे बाहेरच ठरत होतं.

ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली, त्यांत पहिलं नाव कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचं घ्यावं लागेल. २६ जुलै १९०२ रोजी त्यांच्या संस्थानात हुकूम निघाला, की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांतून भराव्यात. हा हुकूम सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या आगेमागे महाराजांनी जे काम केलं, त्याची आठवण कमी निघते. १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहं उघडू लागली. मराठा, जैन, लिंगायत, दलित अशा एकेका समाजासाठी बोर्डिंग निघालं. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुसलमान मुलांसाठी बोर्डिंगची सोय झाली. राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसणारा मुलगा आधी तयार व्हायला हवा, आणि तो तयार होईपर्यंत त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय हवी, हा त्यामागचा विचार होता. हुकूम काढायला एक दिवस पुरतो. मुलगा तयार व्हायला दहा वर्षं लागतात, आणि ती दहा वर्षं त्याला जेवावं लागतं.

महाराज तिथंच थांबले नाहीत. त्यांनी दलित तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, माहूत आणि कोचमन म्हणून नेमलं. गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. आजच्या भाषेत याला स्वयंरोजगाराला भांडवल म्हणता येईल. पण त्या चहाची किंमत भांडवलापेक्षा मोठी होती. गिऱ्हाईक येणार नसेल, तर दुकान काढून देऊन काय उपयोग? महाराज स्वतःच गिऱ्हाईक झाले. तरुणाला बाजारात उभं करायचं तर बाजारालाही थोडं वळण लावावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

कोल्हापूरच्या वसतिगृहात राहिलेले भाऊराव पाटील पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. शेतकऱ्याचं घर त्यांनी आतून पाहिलं. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका चुलीवरचं जेवत. पुढे 'कमवा आणि शिका' हा त्या संस्थेचा मंत्रच झाला. आता त्या मंत्राचा आणि कचेरीतल्या जुन्या उमेदवारीचा ताळा करून बघा. तिथं शिकणाऱ्यानं घरचं खाऊन राबायचं होतं. इथं शिकणाऱ्याच्या श्रमातूनच त्याच्या भाकरीची तजवीज होत होती.

मुलींचं काय? रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. शिवण, शिक्षिकेचं काम, परिचर्या अशी कामं तिथं शिकवली जाऊ लागली. त्या काळात चांगल्या घरच्या बाईनं दवाखान्यात परक्या माणसाच्या जखमा धुणं म्हणजे आक्रीत वाटे. पण सेवासदनानं नुसता वर्ग उघडला नाही. विधवा आणि परित्यक्ता मुलींना राहायला जागा दिली, सोबत दिली, आणि शिकल्यावर उभं राहायला नर्सचा, मास्तरणीचा पेशा दिला. त्या शिकणाऱ्या पहिल्या बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, त्याची आपण कल्पनाच करू शकतो.

आता घाट उतरून मुंबईला जाऊ या. कारण विसाव्या शतकात आमच्यासारख्या कोरडवाहू गावांतल्या पोरांचा रोजगाराचा बाजार म्हणजे मुंबईची गिरणी. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत कोकण आणि घाटावरची कितीतरी गावं त्या भोंग्यावर जगली.

माझे अब्बा १९६२ साली मुंबईला गेले, तेव्हा त्यांचं वय अठरा होतं. गावचे लोक लालबागला एका गाळ्यात राहत. पाळ्या वेगळ्या असल्यानं एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर निजायचा. घरी आम्ही दखनी बोलतो. पण त्या गाळ्यात अब्बा कुणी वेगळे नव्हते, ते 'आपल्या गावचे' होते. गिरणीत जॉबर होता तोही आमच्याच गावचा. नात्यानं कुणी नव्हे, पण गावाच्या नात्यानं काका. त्यानं अब्बांना गेटवर नेलं, कुणाला सलाम करायचा ते सांगितलं, खाणावळीत उधारीची हमी घेतली, तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवलं. आणि पहिल्या महिन्याच्या पगारातून आपला वाटा घेतला. अब्बा त्याच्याबद्दल बोलायचे तेव्हा कधी शिवी देत, कधी दुवा. आणि दोन्ही मनापासून.

जॉबर हा गिरणीच्या इतिहासातला फार विलक्षण माणूस. भरती तोच करी, काम तोच वाटून देई, खोली मिळवून देई, व्याजानं पैसे देई आणि बदल्यात दस्तुरी घेई. नवख्या पोराला शहरात एकटं वाटू नये याची सगळी व्यवस्था त्याच्यापाशी होती. पण त्या व्यवस्थेत शिरायचं तर त्याच्या गावचं, जातीचं किंवा ओळखीचं असावं लागे. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगानं जॉबरच्या हातातली भरतीची सत्ता कमी करावी, असं स्पष्ट सांगितलं. या आयोगावर कामगारांचे पुढारी ना. म. जोशीही होते. बायकांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे.

ओळखीच्या दाराची सगळ्यात कडू गोष्ट विणाईखात्यातली. विणकराची मजुरी चांगली असे, पण त्या खात्यात दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून छिद्रातून बाहेर काढावं लागे. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागणार म्हणून इतरांना दलित माणूस शेजारी नको होता. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मजुरीसाठी सगळे एकत्र लढत असताना एका खात्याचं दार आपल्याच माणसांना बंद का, हा त्यांचा सवाल होता. त्या दलित तरुणांच्या अंगी कौशल्य नव्हतं असं नाही. ते शिकण्याची जागाच त्यांना नाकारली होती. 'स्थानिकांना रोजगार' असं आपण आज म्हणतो, तेव्हा हा धोटा मला हमखास आठवतो. गावातलाच, शेजारच्याच चाळीतला माणूस, आणि तरी बाहेरचा.

मग ओळखीच्या जागी नियम आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. मुंबईच्या गिरणीमालक संघानं १९३५ साली बदली कामगारांवर नियंत्रणाची पद्धत आणली. गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज जो घेतला जातो, तो बदली. पूर्वी सकाळी गेटवर गर्दी होई आणि जॉबर बोट दाखवील तो आत जाई. आता महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना पास मिळू लागले आणि ज्यांच्याकडे पास आहे त्यांनाच काम द्यायचं ठरलं. पद्धत जुन्यापेक्षा न्यायाची होती. पण रोज सकाळी हजर राहायचं आणि काम नसेल तर परत जायचं, हे काही चुकलं नाही. अब्बा बरीच वर्षं बदलीच होते. ते म्हणायचे, "दुसऱ्याची तब्येत बिघडावी अशी दुवा मागायची नाही, आणि बिघडली नाही तर आपली चूल पेटायची नाही."

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशभर आणखी एक दार उघडलं. दुसरं महायुद्ध संपत आलं, तेव्हा घरी परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ साली सेवायोजन कार्यालयं निघाली. १९४८ साली ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५६च्या नोव्हेंबरपासून त्यांचा कारभार राज्यांकडे आला. रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवल्याच पाहिजेत असा कायदा १९५९ साली झाला. तो अमलात आला १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मलं त्याच दिवशी. खासगी क्षेत्रात २५ किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तो लागू होता.

यामागची कल्पना मोठी होती. रिकाम्या जागेची बातमी ही काही कुणाच्या काकाची मालमत्ता नाही. ती सगळ्यांना सारखी कळली पाहिजे. जॉबरच्या खिशातली बातमी सरकारी फळ्यावर आली. पण कायद्यात एक मोठी खिडकी उघडी होती. जागा कळवण्याचं बंधन होतं. त्या कार्यालयाकडून आलेलाच माणूस घ्यावा असं बंधन नव्हतं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामं आणि शेतमजुरी तर कायद्याबाहेरच होती. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी भरती फक्त या कार्यालयाच्या यादीपुरती ठेवू नका, वृत्तपत्रांतून जाहिरातही द्या आणि इतर अर्जदारांचाही विचार करा. न्यायाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, पण त्या कार्डाचं वजन त्यानं आणखी कमी झालं.

माझ्याकडेही ते कार्ड होतं. १९९१ साली बीए झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात एसटीनं जाऊन नाव नोंदवून आलो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अम्मीनं ते रेशनकार्डाशेजारी ठेवलं. मुदत संपायच्या आत जायचं, नूतनीकरण करायचं, शिक्का घ्यायचा. कॉल आला नाही. खिडकीमागच्या माणसाला तरी काय दोष देऊ? रांग आमचीच लांब होती आणि जागा मोजक्या. पण एक गोष्ट तेव्हाही खुपली होती. माझं नाव वहीत होतं. पण मला काय येतं, काय शिकता येईल, हे त्या वहीत कुठंच नव्हतं. जॉबरला अब्बांचा स्वभाव माहीत होता. वहीला माझा फक्त क्रमांक माहीत होता.

मला काम मिळालं ते वेगळ्याच वाटेनं. कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी सांगितलं, की गावातल्या एका छापखान्याला मुद्रितं तपासणारा हवा आहे. ते नुसतं सांगून थांबले नाहीत, सायकल हातात धरून माझ्याबरोबर छापखान्याच्या दारापर्यंत चालत आले. त्याआधी दोन ठिकाणी माझं मराठी ऐकून खूश झालेली माणसं माझं नाव ऐकल्यावर जरा गप्प झाली होती. छापखान्याच्या मालकांनी नाव विचारलं, मान हलवली आणि एका लग्नपत्रिकेचं मुद्रित पुढं सरकवलं. "चुका काढा." मी नऊ काढल्या. दहावी त्यांनी दाखवली; वधूच्या मामांच्या नावातला अनुस्वार गेला होता. म्हणाले, "उद्यापासून या. महिनाभर शिका. जेवणाचा डबा आमच्याकडून, पैसे थोडे." तीच माझी उमेदवारी. त्यानंतर मी किती पुस्तकांची मुद्रितं वाचली याची गणती नाही, पण लग्नपत्रिकेतला मामा अजून विसरलेलो नाही.

याच सुमारास अब्बा गावातल्या पारावर बसून होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अब्बा गावी आले ते परत गेलेच नाहीत. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस. हात कसलेले, डोळा पक्का. पण तो हात आणि डोळा कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. कापड विणता येणाऱ्या माणसाला दुसरं काय शिकता येईल, हे सांगणारंही कुणी नव्हतं. पहिल्या नोकरीच्या दाराशी निदान जॉबर तरी होता. दुसऱ्या दाराशी कुणीच नव्हतं. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. आमच्या गावची दोन पोरं तिथं गेटवर पहारेकरी आहेत. त्यांचे आजोबा त्याच आवारात मागावर होते.

हाताला कागदाची जोड देणारी वाट म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आपली आयटीआय. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. त्यातल्या व्यवसायांची मराठी नावं मला फार आवडतात. फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पाहा, तोच जुना शब्द परत आला, पण आता त्याच्याबरोबर विद्यावेतन आलं. कचेरीतल्या फुकट उमेदवारीला कायद्यानं दिलेलं हे उत्तर होतं. आजच्या नियमांप्रमाणं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. आपल्या तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत हे कुणी विचारतं का? आईबाप कॉलेजची फी विचारायला चार ठिकाणी हिंडतात, पण शिकाऊ उमेदवारीच्या जागा विचारायला त्या वसाहतीच्या फाटकापर्यंत जात नाहीत.

माझ्या समाजाबद्दलही थोडं बोलायला हवं. २००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे त्यात आकड्यांनी मांडलं होतं. आम्हाला ते गॅरेजमध्ये रोज दिसतच होतं. उस्ताद आणि शागीर्द ही आमच्याकडची जुनी शाळा. दहा वर्षांचं पोरगं पान्हे पुसत पुसत विसाव्या वर्षी आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतं. पण शाळा सुटलेली असते आणि हाती दाखला नसतो. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात त्याला आत घेत नाहीत. २०१५पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत, आधीपासून अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली आहे. ती सोय गॅरेजपर्यंत कुणीतरी नेली पाहिजे. आणि उस्तादांनाही मी हात जोडून सांगतो, पोराला शाळेच्या वेळेत पान्हा देऊ नका. पान्हा कुठं पळून जात नाही. दहावी मात्र निघून जाते.

राज्य सरकारनं २००८च्या निर्णयात उद्योगांनी किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकाच्या जागांत किमान ५० टक्के स्थानिकांना घ्यावं असं सांगितलं. चांगलं आहे. पण तयार माणूस गावात नसेल, तर कारखानदार टक्केवारीची पळवाट शोधतो. आणि तयार माणूस असून त्याला दाराची वाट माहीत नसेल, तर टक्केवारी कागदावरच राहते. शाहू महाराजांनी हुकुमाला वसतिगृहाची जोड दिली ती याचसाठी.

आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. तिनं अर्ज केला ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ साली ती सुरू झाली तेव्हा सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आणि बारावी झालेल्याला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन असं तिचं स्वरूप होतं. पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. अकरा महिन्यांनंतर नोकरीची हमी मात्र योजनेत नाही. म्हणजे शिकतानाच्या भाकरीची सोय झाली; पण शिकून झाल्यावर दार कुठलं, हा प्रश्न उरलाच.

मागं वळून पाहिलं तर तरुणाला तीन गोष्टी लागल्या आहेत असं दिसतं: जागेची बातमी, शिकेपर्यंत भाकरी आणि दारापर्यंत सोबत. जॉबरनं बातमी आणि सोबत दिली, पण तिची किंमत वसूल केली आणि अनेकांना बाहेर ठेवलं. वसतिगृहांनी भाकरी दिली. सेवायोजन कार्यालयानं बातमी सगळ्यांसाठी खुली केली, पण सोबत दिली नाही. आज बातमी तर मोबाइलवर हवी तेवढी आहे, इतकी की खरी कुठली आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारी कुठली हेच पोरांना कळत नाही. कमी पडते ती सोबत. आणि त्यासाठी सरकारी निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. गावातल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ निवृत्त शिक्षक, निवृत्त फिटर, बँकेतले एखादे साहेब आणि दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टर बसल्या तर? अर्ज तपासावेत, मुलाखतीला काय विचारतात ते सांगावं, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी बरोबर चालत जावं. बदल्यात काही घेऊ नये, आणि आलेला कुणाचा कोण हे विचारू नये. जॉबरची माया आणि कचेरीचा नियम एका जागी आणायचे, तर दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

त्या मुलीला गावातल्या एका कचेरीत प्रशिक्षणाची जागा मिळाली. पहिल्या दिवशी तिचा बाप मजुरीवर गेलेला, म्हणून मी बरोबर गेलो. मला सायकल चालवता येते, पण त्या दिवशी हातात धरून नेली. अकरा महिने पूर्ण करून ती बाहेर पडली. कायम नोकरी अजून नाही. दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. परवा तिसरा अर्ज भरायला आली होती. या वेळी अनुभवाच्या रकान्यापाशी तिनं मला काही विचारलं नाही. स्वतःच लिहिलं, अकरा महिने. मग वर पाहून म्हणाली, "काका, मुलाखत गुरुवारी आहे. याल ना?"

जाणार आहे.